दुकानाचं डिपॉझिट भरताना जाहिरातीचे पैसेही बाजूला काढा

ठाण्यात वर्तकनगरच्या एका आतल्या गल्लीत आमचं पहिलं पोळी-भाजी केंद्र सुरू झालं, त्याच्या पाचव्या महिन्यातली गोष्ट. समोरच्याच इमारतीतल्या एक काकू भाजी घेऊन परतताना दाराशी थबकल्या. "अगं, इथे पोळ्या मिळतात होय? मी रोज नाक्यावरून आणते!" त्या रोज दोन वेळा आमच्या दारावरून जात होत्या. आम्ही पाच महिन्यांचं भाडं भरलं होतं. ओटा, एक्झॉस्ट, फरशी, रंग यांत साठवलेले पैसे घातले होते. पण "आम्ही इथे आहोत" हे सांगायला एक रुपयाही ठेवला नव्हता.

पुढे कासारवडवलीला दुसरं केंद्र काढताना मी आणि माझ्या जाऊबाईंनी क्रम बदलला. आधी ओळख करून दिली, मग कुलूप उघडलं. तो क्रम कसा लावायचा ते इथे सांगते. उदाहरणं डब्याची आहेत, पण शिवणकाम असो, क्लास असो की लाँड्री, हिशोब असाच बसतो.

आधी वही-पेन घ्या

समजा डबा १२० रुपयांना आहे आणि सामान, गॅस, पॅकिंग वजा जाता त्यात ४५ रुपये उरतात. भाडं २५,०००, पगार ३०,०००, वीज आणि किरकोळ ५,०००. म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च ६०,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ५२ डबे गेल्याशिवाय हा खर्च निघत नाही. रोज २० डबे जात असतील, तर हातात २३,४०० येतात आणि ३६,६०० खिशातून जातात. विसावरून बावन्नावर जायला जेवढा उशीर, तेवढी ही गळती चालू राहते. विसावरच आणखी दोन महिने अडकलात तर ७३,२०० गेले. घरमालक भाडं पहिल्या दिवसापासून मोजतो, गिऱ्हाईक मात्र ओळख झाल्यावरच येतं. लवकर जाहिरात करायची ती या दोन तारखांमधलं अंतर कमी करण्यासाठी.

उशिरा जाग आली की काय होतं, तेही याच आकड्यांत दिसतं. पैसे संपत आलेले असतात, धीर सुटलेला असतो, आणि हाताशी एकच उपाय उरतो: भाव पाडणं. १२० चा डबा ९० ला दिला की ४५ चे १५ उरतात. तेवढेच पैसे मिळवायला तिप्पट डबे करावे लागतात. पुन्हा ९० ला आलेलं गिऱ्हाईक १२० ऐकल्यावर नाराज होतं, ते वेगळंच. आम्ही पहिल्या दुकानात हे केलं, आणि मूळ भावावर परत यायला आम्हाला फार त्रास झाला.

"माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं" असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. मीही ते मानत होते. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आठवा. माल उत्तम होता, तरी लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी हात लावत नव्हते. समजूत घालावी लागली, गाठीभेटी घ्याव्या लागल्या. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं ते कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला. आपलं काम सांगण्यात कमीपणा नाही. चांगला माल करून तो लपवून ठेवणं हे मालाचंच नुकसान आहे, असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: रक्कम ठरवा आणि वेगळी ठेवा

माझा आडाखा दोन महिन्यांच्या भाड्याइतका आहे. २५,००० भाडं असेल तर ५०,०००. हे पैसे डिपॉझिट आणि फर्निचरच्या रांगेतच लिहा. "उरले तर बघू" असं ठेवलं की ते सुताराकडे जातात. अर्धे उद्घाटनापर्यंत आणि पहिल्या महिन्यात खर्च करायचे, बाकीचे पुढच्या पाच महिन्यांत थोडे थोडे. रक्कम जमत नसेल तर एखादं फर्निचर पुढे ढकला, ही रक्कम नको.

दुसरी पायरी: आपलं गिऱ्हाईक कुठून कुठे चालतं ते बघा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढचा सगळा खर्च यावर अवलंबून आहे. गाळा पक्का करण्याआधी एक आठवडा सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ तिथे उभं राहा. नकाशावर पाचशे मीटर दिसतात, पण घोडबंदर रोडसारखा रस्ता मधे असला की पलीकडच्या सोसायटीतली बाई दोन भाज्यांसाठी तो ओलांडत नाही. नव्या मुंबईत सेक्टरचा हिशोब असाच असतो. नेरूळच्या स्टेशनच्या एका बाजूचा माणूस रोजच्या गोष्टीसाठी रूळ ओलांडून पलीकडे जाईलच असं नाही. आम्ही कागदावर फक्त रस्त्याच्या आमच्या बाजूच्या अकरा सोसायट्या लिहिल्या आणि तेवढ्यांवरच पैसे लावले.

मग वीस-पंचवीस जणांशी बोला. "पोळी-भाजी घ्याल का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "काल रात्री जेवायला काय केलंत? कोणी केलं? किती वाजता?" हे विचारा. आम्हाला त्यातून कळलं की तिथली अडचण दुपारची नाही, रात्रीची आहे. ठाणे स्टेशनला उतरून बसने किंवा रिक्षाने घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात आणि तोवर स्वयंपाकाच्या मावशी निघून गेलेल्या असतात. आम्ही वेळ दहापर्यंत वाढवली. हीसुद्धा जाहिरातच, आणि तिला पत्रक लागलं नाही.

नव्याने ताबा मिळालेल्या इमारतींकडे खास लक्ष द्या. घोडबंदर पट्ट्यात आणि खारघर, उलवे भागात एखादा तरी टॉवर नवीन भरत असतोच. राहायला आलेलं कुटुंब पहिल्या काही आठवड्यांत दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, डबा सगळं नव्याने शोधतं. एकदा घडी बसली की ती मोडायला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून त्या आठवड्यांत तुमचं नाव त्यांच्या कानावर पडायला हवं.

तिसरी पायरी: एक वाक्य आणि एक पाटी

तुम्ही कोणासाठी, काय, किती वाजेपर्यंत करता, हे एका वाक्यात बसवा. "रात्री दहापर्यंत गरम पोळ्या, घरपोच." तेच वाक्य पाटीवर, पत्रकावर आणि फोनवर. पाटी रस्त्यापलीकडून आणि धावत्या रिक्षातून वाचता आली पाहिजे. छापण्याआधी मजकूर कागदावर मोठा लिहून दारावर चिकटवा आणि लांबून वाचून बघा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. पेंटरला हे आधीच सांगा, म्हणजे पाटी दोनदा करावी लागणार नाही. खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर दर्शनी जागी लावा. गिऱ्हाईक तो बघतं.

चौथी पायरी: उद्घाटनाआधी फोनवर सापडा

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. पडताळणीला मात्र वेळ जातो. अनेकदा दुकानाची पाटी आणि आतली जागा दाखवणारा व्हिडिओ मागतात. म्हणून पाटी लागली त्याच दिवशी अर्ज करा. उद्घाटनाची पुढची तारीखही त्यात टाकता येते. नाव पाटीवर आहे तसंच द्या, त्यात "ठाण्यातलं सर्वोत्तम" वगैरे जोडू नका. वेळ बरोबर टाका आणि सणाला बदला. गिऱ्हाईक बंद दारापर्यंत येऊन परत गेलं तर पुन्हा सहसा येत नाही. फोटो स्वतःच्या ओट्याचे, स्वतःच्या पोळ्यांचे. अभिप्राय जरूर मागा, पण त्याच्या बदल्यात सूट किंवा वस्तू देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही. महिन्याला चार-पाच खरे अभिप्राय जमत गेले तरी वर्षाअखेर पन्नासच्या आसपास होतात. नंतर घाईने ते विकत घेता येत नाहीत, हेही लवकर सुरुवात करण्याचं एक मोठं कारण.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग, वेळा आणि स्वागताचा संदेश भरून ठेवा. साध्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. त्यामुळे पहिल्याच डब्यासोबत "नंबर सेव्ह करा, उद्याची भाजी कळवतो" एवढं तोंडाने सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर परस्पर जाहिरात टाकू नका. आधी कमिटीतल्या कोणाला तरी विचारा. एकदा लोक वैतागले की ते दार बंद होतं.

डिलिव्हरी अ‍ॅपवर जायचं तर जा, पण कमिशन ४५ रुपयांतून जाणार हे आधी मांडा. आणि ते गिऱ्हाईक अ‍ॅपचं असतं, त्याचा नंबर तुमच्या यादीत येत नाही.

पाचवी पायरी: वस्तू हातात द्या

उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही अकरा सोसायट्यांत दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी अशी छोटी पाकिटं वाटली. प्रत्येक ठिकाणी आधी कमिटीची परवानगी घेतली. गणपती, नवरात्र, पाडवा अशा वेळी सोसायट्यांत स्टॉल लागतात, काही ठिकाणी भाडं घेतात. तिथे विक्रीपेक्षा नंबर जमवण्याकडे लक्ष द्या. शिवणकाम करणाऱ्यांनी एक फॉल-बिडिंग फुकट करून द्यावं, क्लासवाल्यांनी एक तास शिकवावा.

पत्रकं पेपरात घालायची तर पहाटे पेपर लावणाऱ्या विक्रेत्याशी थेट बोला आणि फक्त आपल्या इमारतींच्या गठ्ठ्यात घाला. खांबांवर, भिंतींवर चिकटवू नका. त्याला १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, आणि आपल्याच वस्तीची भिंत खराब करून आपुलकी मिळत नाही. "शंभर टक्के शुद्ध", "नंबर एक" असं जे सिद्ध करता येणार नाही ते लिहू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारवाई होते.

सहावी पायरी: "कुठून कळलं?"

गल्ल्याजवळ एक वही ठेवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच दिवशी लिहा: पाटी, पत्रक, गूगल, ग्रुप, शेजारीण. महिन्याने प्रत्येक वाटेवरचा खर्च तिथून आलेल्या माणसांनी भागा. महिन्याला १२ डबे घेणाऱ्या गिऱ्हाइकामागे, डब्याला ४५ प्रमाणे, ५४० रुपये उरतात. सहा महिने टिकलं तर ३,२४०. ते आणायला ३०० रुपये लागले असतील तर सात डब्यांत फिटले. हजार लागले असतील तर ती वाट बदला.

आमच्या वहीत पहिल्या महिन्यात पत्रकाचं नाव फार कमी आलं आणि इस्त्रीवाल्याचं सारखं येत राहिलं. तो रोज दारोदार जातो, कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाच्या घरी आजारपण आहे हे त्याला माहीत असतं, आणि त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास असतो. आम्ही पत्रकांची दुसरी छपाई रद्द केली. त्या पैशांतून त्याच्या घरचा रात्रीचा डबा सुरू केला, आणि इस्त्रीच्या गठ्ठ्यात घालायला आठवड्याच्या भाज्यांची छोटी चिठ्ठी त्याच्याकडे देऊ लागलो.