बरड-भारी वावरात कपाशीचा प्रयोग: माझा अनुभव

दारव्हा तालुक्यातलं आमचं वावर उताराचं. वरच्या धुऱ्याजवळ बरड, म्हणजे हलकी मुरमाड, खाली नाल्याकडे भारी काळी. कपाशीवर पालाश (पोटॅश) खताच्या चार मात्रा तपासायच्या होत्या. हाती आलेल्या आराखड्यात प्रत्येक मात्रेला एकेक सलग पट्टा होता आणि शेवटच्या पट्ट्याला सगळी काळी जमीन मिळत होती. तिथली पऱ्हाटी जोमदार दिसणारच! ते श्रेय पालाशाचं की मातीचं, कसं ठरवणार?

म्हणून यादृच्छिक गट रचना घेतली, म्हणजे आरबीडी. उताराला आडवे पाच गट पाडले. एका गटात माती जवळपास सारखी आणि चारही मात्रा एकेका प्लॉटात हजर. कुठली मात्रा कुठे, हे दर गटाला नव्याने चिठ्ठ्या उचलून ठरवलं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात ही रीत बसवली.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका प्लॉटातल्या दहा झाडांची बोंडं मोजली म्हणून दहा पुनरावृत्ती (त्याच मात्रेचे वेगळे प्लॉट) होत नाहीत. खत प्लॉटला दिलं, झाडाला नाही. दहांची सरासरी हेच एक निरीक्षण. शेजारच्या प्लॉटाचा परिणाम नको म्हणून काठाची तासं मोजणीतून वगळली.

अनोव्हात, म्हणजे एकूण फरक कशाकशामुळे किती ते वेगळं करणाऱ्या तक्त्यात, २० प्लॉटांचे १९ स्वातंत्र्यांश (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या किमतींची संख्या): मात्रांचे ३, गटांचे ४, त्रुटीचे, म्हणजे उरलेल्या योगायोगाच्या फरकाचे, १२. मातीचा मोठा फरक गटांच्या ओळीत गेला, त्रुटी घटली. वरच्या दोन मात्रांतला फरक सीडीपेक्षा, म्हणजे फरक खरा मानायला लागणाऱ्या किमान मर्यादेपेक्षा, कमी निघाला, तेव्हा त्यातली स्वस्त मात्रा धरली.