बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध पडलेली फट: तपासायची कशी, भरून आणायची कशी

बाळंतपणाला चार-सहा महिने झाले, वजनही उतरलं, तरी पोट पाचव्या महिन्यासारखं दिसतं. संध्याकाळपर्यंत ते आणखी फुगतं, कंबर दुखते, आणि अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो. याला डॉक्टर डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारा चिवट पडदा मधोमध असतो. वाढत्या गर्भाने हा पडदा ताणला जातो. स्नायू फाटत नाही, पडदा रुंद आणि पातळ होतो. शेवटच्या आठवड्यांत हे जवळपास प्रत्येकीचं होतं. आपोआप भरून येण्याचा मोठा भाग पहिल्या आठ आठवड्यांत होतो. पुढची सुधारणा व्यायामाने आणि सवयींनी होते.

घरच्या घरी तपासणी

सकाळी, लघवी करून, रिकाम्या पोटी उताणं झोपा. गुडघे दुमडा, तळवे जमिनीवर. बोटांची टोकं पायांकडे करून ती बेंबीवर शेजारी-शेजारी ठेवा. आता श्वास सोडत फक्त डोकं आणि खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मध्ये किती बोटं मावतात ते पाहा. हेच बेंबीच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली करा. साधारण दोन बोटांपेक्षा जास्त अंतर असेल तर फट आहे असं धरतात.

बहुतेक जणी बोटं मोजून थांबतात. खरं महत्त्व खोलीला आहे. बोट दाबल्यावर खाली ताणलेल्या कापडासारखा विरोध लागतो, की बोट सहज आत जातं? अडीच बोटांची पण घट्ट फट ही दीड बोटाच्या मऊ, खोल फटीपेक्षा बरी. रोज मोजू नका, दोन आठवड्यांतून एकदा पुरे. सिझेरियन असेल तर सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत ही चाचणी थांबवा.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम

त्याच स्थितीत झोपा. कमरेच्या पुढच्या हाडांपासून दोन बोटं आत बोटांची टोकं ठेवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूंना पसरू द्या. तोंडाने सावकाश श्वास सोडताना लघवी आणि गॅस एकदम रोखल्यासारखं खालून वर ओढा, मग ओटीपोट हळूच आत जाऊ द्या. बोटांखाली हलका ताण जाणवला की बरोबर. बोटं बाहेर ढकलली गेली तर चूक: तुम्ही जोर करताय. जोर एकूण ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच लावा. पाच आकडे मोठ्याने मोजा (म्हणजे श्वास कोंडला जात नाही) आणि पूर्ण सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. नैसर्गिक प्रसूतीनंतर दुखत नसेल तर पहिल्या आठवड्यातही चालतं. सिझेरियननंतर आधी डॉक्टरांना विचारा.

इथे एक चूक हमखास होते. छाती वर उचलून पोट आत खेचलं जातं. आरशात पोट सपाट दिसतं, पण आतला दाब खाली जातो आणि शिंकताना लघवी सुटू लागते. बरगड्या जागेवरच ठेवा.

हे जमलं की श्वास सोडता सोडता एक टाच जमिनीवरून सरकवत पाय सरळ करा आणि परत घ्या, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. त्यानंतर एक गुडघा बाजूला झुकवणं, मग एकेक पाऊल उचलणं, मग कंबर उचलून सेतुबंधासन, शेवटी भिंतीला हात टेकून दंड. प्रत्येक पायरीला दीड-दोन आठवडे द्या. मधोमध उंचवटा आला किंवा श्वास कोंडला, तर ती पायरी अजून जड आहे. एक पायरी मागे या.

नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलणं, जोरकस कपालभाती आणि सूर्यनमस्कारातली दंडाची स्थिती सुरुवातीला नको. ही आसनं कायमची बंद नाहीत. उंचवटा न येता जमू लागली की एकेक करून परत आणा.

दिवसभरातला दाब

व्यायाम वीस मिनिटांचा आणि उरलेला दिवस चुकीचा, असं झालं तर फट भरत नाही. अंथरुणातून सरळ उठू नका: आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. बाळाला किंवा पाण्याची बादली उचलताना आधी श्वास सोडायला लागा, मग उचला.

कुंथणं तर पूर्ण टाळा. बाळंतिणीचा तूप-मेतकूट-भात पचायला हलका, पण त्यात चोथा फार कमी. सोबत पालेभाजी, मूग आणि भरपूर पाणी हवंच. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या.

पोट बांधण्याबद्दल घरोघरी आग्रह असतो. बांधल्याने पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः टाके असताना, चालायला आधार मिळतो. पण पट्ट्याने फट मिटत नाही, मालिशनेही नाही. बांधायचंच तर खालून, नितंबांपासून वर बांधत या, खोल श्वास घेता येईल इतपत सैल ठेवा आणि झोपताना काढा. वरून करकचून आवळलं की सगळा भार ओटीपोटावर आणि गर्भाशयावर येतो.

कधी दाखवायचं

तीन महिन्यांनंतरही लघवी सुटत असेल, योनीत जडपणा वाटत असेल, किंवा सहा महिन्यांनी फट मऊ आणि खोलच राहिली असेल, तर बाळंतपणानंतरच्या समस्या हाताळणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. बेंबीजवळ गाठ दिसत असेल तर हर्निया आहे का ते सर्जनकडून तपासून घ्या; ती गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. पडदा शिवून घट्ट करण्याची शस्त्रक्रिया असते, पण तिचा विचार साधारणपणे बाळंतपणाला वर्ष उलटल्यावर आणि पुढे मूल नको हे ठरल्यावरच करतात, कारण पुढच्या गरोदरपणात शिवलेला पडदा पुन्हा ताणला जाऊ शकतो.