गोलमध्ये उभं राहण्याची पहिली पाच वर्षं

महिला गोलकीपरला सुरुवातीच्या काळात सगळ्यात दुर्मिळ काय असतं, तर सामन्यातली मिनिटं. फॉरवर्डला शेवटची दहा मिनिटं तरी उतरवतात, कीपरला सहसा तेवढीही मिळत नाहीत. संघात दोन-तीन कीपर असतात आणि खेळते एकच. म्हणून तेरा वर्षांच्या मुलीपासून इंडियन विमेन्स लीगच्या (आयडब्ल्यूएल) चाचणीला निघालेल्या मुलीपर्यंत, ग्लोव्हज असोत की क्लब, प्रत्येक निर्णय एका प्रश्नावर तपासावा: याने तिचं खेळणं वाढणार आहे का?

आधी पडायला शिकणं

बहुतेक मैदानांवर नव्या मुलीला पहिल्याच दिवशी गोलमध्ये उभं करतात आणि शॉट मारायला लागतात. टणक मैदानावर दोन वेळा कोपर आपटलं की भीती बसते. मग ती पडण्याआधी हात जमिनीकडे नेते आणि बॉल वरून जातो. ही सवय मोडायला पुढे कित्येक महिने लागतात.

क्रम असा ठेवावा. पहिले दोन आठवडे गुडघ्यांवर बसून बाजूला पडणं, पुढचे दोन उकिडवं बसून, त्यानंतर उभ्याने. गवत नसेल तर मऊ वाळू किंवा जुनी गादी चालेल. उभ्याने पडताना जमिनीला आधी पोटरीची बाहेरची बाजू लागते, मग मांडी, कंबरेची बाजू, बरगड्या आणि शेवटी खांदा. छाती बॉलकडेच राहते. खालचा हात बॉलच्या मागे, वरचा बॉलवर, आणि जमीन हा तिसरा हात. बॉलच्या बाजूचं पाऊल तिरकं पुढे पडलं पाहिजे. ते मागे पडलं तर शरीर गोलच्या आत कोसळतं आणि हाताला लागलेला बॉलही आत जातो. प्रत्येक बाजूला आठ-आठ वेळा, तीन फेऱ्या पुरेत. कच्च्या बाजूने सुरुवात करावी, कारण दमल्यावर तिच्याकडेच दुर्लक्ष होतं.

कोपर बरगडीखाली सापडत असेल, तर दोष पडण्यात नसतो. हात उशिरा पुढे आलेले असतात. फेकणाऱ्याने वेग कमी करावा.

बॉलमध्ये हवा ठासून भरू नये. नियमाप्रमाणे किमान दाब ८.५ पीएसआय आहे. शिकणाऱ्या मुलीसाठी तेवढाच ठेवला तर बोटं वाचतात.

सुतळीचा धडा

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. उंची कमी म्हणून मुलींना नाकारण्याआधी एकदा साधारण २५ मीटर सुतळी घ्या. दोन्ही टोकं दोन खांबांच्या बुडाशी बांधा आणि मधला भाग पेनल्टीच्या ठिपक्यावर, म्हणजे ११ मीटरवर, बॉलखाली दाबा. कीपर रेषेवर उभी असेल तर तिला पूर्ण ७.३२ मीटर राखायचे असतात. तीन मीटर पुढे आली की सुतळ्यांमधलं अंतर साधारण ५.३ मीटर उरतं. दोन्हींकडचं मिळून दोन मीटर काम कमी झालं, तेही उडी न मारता. हे डोळ्यांनी पाहिलं की मुलीला पटतं. तोंडी सांगून पटत नाही.

मग बॉल बाजूला सरकवा आणि तिला दोन सुतळ्यांच्या बरोबर मध्ये उभं राहायला सांगा. नव्या कीपर जवळच्या खांबाला चिकटतात आणि लांबचा कोपरा उघडा पडतो. फार पुढे आल्या तर डोक्यावरून लॉब बसतो, म्हणून शॉट मारणाऱ्याची मान खाली गेली की जिथे असेल तिथे पाय थांबवायचे. चालत्या पायांवरून डाइव्ह होत नाही.

ग्लोव्हज

अंगठा सोडून तळव्याचा सगळ्यात रुंद घेर इंचात मोजा आणि त्यात एक मिळवा. सात इंच भरलं तर आठ नंबर. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून शक्यतो घालून बघावेत. बारीक हातांना निगेटिव्ह कट चांगला, त्यात शिलाई आतून असते आणि ग्लोव्ह बोटाभोवती घट्ट बसतो. सरावाला जुनी जोडी, सामन्याला नवी. लॅटेक्स खरखरीत मातीवर लवकर झिजतं. वापरण्याआधी तळवे ओले करावेत, नंतर कोमट पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावेत. उन्हात वाळवलेलं लॅटेक्स तडकतं.

गुडघे

गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते, आणि त्यात जवळपास अख्खा हंगाम जातो. क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलसमोर आलेला उंच बॉल, पकडून खाली येताना गुडघे आतल्या बाजूला झुकतात का, हे मोबाइलवर समोरून चित्रित करून बघा. झुकत असतील तर आधी दोन पायांवर, मग एका पायावर उतरण्याचा सराव द्या. फिफाचा ‘११+’ वॉर्मअप साधारण वीस मिनिटांचा आहे. आठवड्यातून किमान दोनदा करून घ्यावाच. पाऊस आहे, वेळ नाही, म्हणून तो गाळणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

पाय आणि नियम

सहकारी खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास १९९२ पासून हातात घेता येत नाही. त्यामुळे दोन्ही पायांनी वीस-पंचवीस मीटरचा पास जमलाच पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामापासून कीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर विरोधी संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून दाखवतात. सरावातही ओरडून मोजत जा.

क्लब निवडताना

आधी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत खेळाडू म्हणून नोंदणी. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं असावं. इथे अडलेली मुलगी चांगली असूनही बाहेर बसते. महाराष्ट्रात जिल्हा संघटनेकडून विफाच्या (राज्याची फुटबॉल संघटना) राज्य चाचणीपर्यंत वाट जाते. शाळेत असताना सुब्रतो कप आहे, पुढे वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे राजमाता जिजाबाई करंडक, आणि मग आयडब्ल्यूएल.

भारताची गोलकीपर अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात शिकत असताना तिथल्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघात गेली. पदार्पणाच्या सामन्यात संघ ०-५ हरला. पुढे तिने गोकुलम केरळसोबत २०१९-२० आणि २०२१-२२ च्या लीग जिंकल्या. पाच गोल खाल्ल्यावर पुढच्या सामन्यात पुन्हा तिलाच उभं करणारा प्रशिक्षक मिळणं, सुरुवातीला याहून मोठी गरज नसते.

व्हिडिओ पाठवायचा तर सहा-सात मिनिटांचा. नुसत्या उड्या नकोत. क्रॉसला बाहेर येणं, बॅकपास, थ्रो आणि खाल्लेले एक-दोन गोलही ठेवा. जाणकार प्रशिक्षक गोलनंतरची देहबोली बघतात. करार लेखी घ्या, आणि दुखापतीचा खर्च कोण करणार हे त्यात लिहिलेलं असावं. सही करण्याआधी प्रशिक्षकांना एक सरळ प्रश्न विचारा: गेल्या हंगामात तुमच्या दुसऱ्या कीपरला किती सामने मिळाले?