एल्कच्या मोसमाआधी: सेव्हन एमएम मॅग्नम आणि घरी भरलेली काडतुसं

ऑक्टोबरच्या शेवटी कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या (इथल्या मोठ्या हरणाच्या) मागे जायचं, तर पहिलं काम मार्चमध्येच उरकावं लागतं. परवान्याच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला अर्जाआधी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचं, कार्ड लागतं, म्हणजे आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांनाच. इथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट आधी पक्की करावी. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि चालू, वैध शिकार परवाना हा त्यातला एक. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. मित्राची रायफल रेंजवर सहज हातात घेऊन बघण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. एका चुकीवर व्हिसा जाऊ शकतो.

कागद मार्गी लागले की रायफल. माझी निवड सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम. मॅग्नम म्हणजे जास्त पावडरीचं, जोरदार काडतूस. 1962 साली रेमिंग्टनने मॉडेल 700 रायफलीबरोबर हे काडतूस बाजारात आणलं आणि पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरउतारांवर ते लगेच रुळलं. पुढच्याच वर्षी .300 विंचेस्टर मॅग्नम आलं. ते अधिक जड गोळी फेकतं आणि खांद्यालाही अधिक मारतं. दोन्हींत एल्क पडतं. कोणतं घ्यायचं ते एकाच गोष्टीवर ठरवा: बाकावर बसून वीस गोळ्या झाडल्यावर एकविसावी गोळी डोळे न मिटता झाडता येते का? येत नसेल तर त्याहून सौम्य काडतूस घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .24 कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात), 85 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी आणि 100 यार्डांवर 1000 फूट-पौंड ऊर्जा एवढंच बंधन आहे, आणि जुन्या .270 विंचेस्टरने 1925 पासून एल्क मारले जात आहेत. मॅग्नम घेतलीच तर बॅरल 24 इंचांहून आखूड नको. एवढी पावडर जळायला लांबी लागते. आखूड नळीत आवाज आणि झळ वाढते, आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो. दुर्बिणीसकट वजन आठ-नऊ पौंडांच्या आसपास असू द्या. फार हलकी रायफल चढावर सुखाची वाटते, पण चाप ओढताना नकोशी होते.

आता ‘सपाट मार’. हा शब्द ऐकून माणसं मॅग्नमकडे वळतात, म्हणून त्यामागचे आकडे डोळ्यांसमोर ठेवू. 160 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 2950 फुटांनी निघाली आणि रायफल 200 यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी लावली, तर 300 यार्डांवर ती साडेसहा-सात इंच खाली येते आणि 400 वर साधारण 19. .30-06 मधली 180 ग्रेनची गोळी 2700 फुटांनी सोडली तर 300 वर आठ-सव्वाआठ इंच आणि 400 वर 23-24. म्हणजे 300 यार्डांपर्यंतचा फरक दोन इंचांच्या आतला. त्याच 400 यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा मॅग्नमच्या गोळीलाही सुमारे दहा इंच बाजूला सारतो. उतरण तक्त्यात बघता येते, दरीतला वारा कुठल्या तक्त्यात सापडत नाही. सपाट मार म्हणजे अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली तर मिळणारी सवलत. ती सवलत आणखी लांबून गोळी झाडण्यात खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे. माझी हद्द 350 यार्ड. वारा असेल तर 250.

एप्रिल-मेमध्ये गोळी निवडा, आणि ती वेगाच्या आकड्यावरून निवडू नका. मॅग्नमचा खरा प्रश्न जवळच्या अंतरावर येतो. झाडीतून 60 यार्डांवर एल्क उभं राहिलं तर गोळी जवळजवळ पूर्ण वेगाने खांद्याच्या हाडावर आदळते. मऊ, पातळ कवचाची गोळी तिथेच फुटते, वरवरची जखम होते आणि जनावर दिवसभर तडफडत राहतं. ही अडचण जॉन नॉस्लर यांना 1946 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) शिकारीत आली. त्यातून त्यांनी पार्टिशन गोळी बनवली आणि 1948 पासून विकायला सुरुवात केली. तिच्यात शिशाचे दोन भाग आणि मधे कवचाच्याच धातूची आडवी भिंत असते. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. आज बाँडेड (कवच आणि शिसं एकजीव केलेल्या) गोळ्या आहेत, अखंड तांब्याच्याही आहेत. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, म्हणून एक पायरी हलकी घ्यावी. कॅलिफोर्नियात शिकारीला जाणार असाल तर निवड कायद्यानेच केली आहे: 1 जुलै 2019 पासून तिथे शिशाच्या गोळीने शिकार करता येत नाही. मी कोलोरॅडोतही हळूहळू तांब्याकडे वळलो. घरी मुलं ते मांस खातात, त्यात शिशाचे कण नकोत.

ब्रास, म्हणजे काडतुसाच्या पितळी केसेस (ज्यांत पावडर भरून तोंडाशी गोळी बसवतात), एकाच कंपनीच्या आणि एकाच लॉटच्या शंभर घ्या. पिशवीतून काढल्यावर प्रत्येक केसचं तोंड आणि बुडाशी प्रायमरचा (पावडर पेटवणाऱ्या टोपीचा) खळगा बघा. आणि आता पट्टा. मॅग्नम केसच्या बुडाशी जी उंच कडा असते ती 1912 च्या .375 हॉलंड अँड हॉलंडकडून वारशाने आली. त्या केसचा खांदा, म्हणजे ती तोंडाकडे निमुळती होते तो भाग, इतका उतरता होता की चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) केसला अडवायला पट्टा लागायचा. सेव्हन एमएमला स्वतःचा स्पष्ट खांदा आहे, पण पट्टा राहून गेला. घरी काडतुसं भरणाऱ्याला हा इतिहास रोज उपयोगी पडतो. साइझिंग डाय (झाडलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा) पुस्तकी पद्धतीने शेलहोल्डरला (केस धरणाऱ्या खाचेला) टेकेपर्यंत फिरवली, तर खांदा गरजेपेक्षा मागे जातो. गोळी झाडली की केस पुढे ताणली जाते, आणि पट्ट्याच्या जरा वर तिची भिंत दर वेळी पातळ होत जाते. म्हणून डाय थोडी थोडी फिरवत, मोजत, खांदा इंचाचे एक-दोन सहस्रांश एवढाच मागे जाईल अशी बसवा.

जुन्या केसेस वापरायच्या असतील तर पेपरक्लिप सरळ करा, पक्कडीने टोकाला मिलिमीटरभर काटकोन द्या आणि ते टोक केसच्या आतल्या भिंतीला टेकवून तळापासून वर ओढा. निरोगी केसमध्ये तार गुळगुळीत येते. मागच्या वर्षी माझ्या पाचव्यांदा भरायच्या एका केसमध्ये ती पट्ट्याच्या थोडी वर अडखळली, नखाला कापडाची शिवण लागावी इतकीच. बाहेरून तिथे दोऱ्याएवढी बारीक चकचकीत रेघ होती. केस करवतीने उभी कापली तेव्हा त्या जागी पितळ कागदासारखं झालेलं दिसलं. पुढच्या बारात ती तुटली असती आणि तप्त वायू बोल्टकडे (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याकडे), म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे आला असता. त्या लॉटच्या उरलेल्या सगळ्या केसेस मी पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या. पैशांकडे बघू नका. केस 2.500 इंचांहून लांब झाली तर 2.490 वर कापा, तोंडाची आतबाहेरची धार काढा आणि वंगण शेवटच्या थेंबापर्यंत पुसा.

भरण्याच्या टेबलावर एका वेळी एकच पावडर असावी, तीही मूळ डब्यात. सेव्हन एमएम मॅग्नमला सावकाश जळणारी पावडर आणि लार्ज रायफल मॅग्नम प्रायमर लागतो. किती ग्रेन, ते मी इथे लिहिणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलेला आकडाही घेऊ नका. तुमची गोळी, तुमची पावडर, तुमचा प्रायमर यांचं माप गोळी किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकात बघा आणि तिथल्या सुरुवातीच्या मापापासून सुरू करा. ते सहसा कमाल मापाच्या दहा टक्के खाली असतं. या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला 61,000 पौंड ठरलेला आहे, म्हणजे पुस्तकातला वरचा आकडा ओलांडायला जागा उरलेली नाही. पावडर तोलायचा काटा दर वेळी ठरावीक वजन ठेवून तपासा. पन्नास केसेस भरल्यावर त्या उभ्या ठेवायचा लाकडी ठोकळा दिव्याखाली धरून प्रत्येकीत डोकावा, पावडरची पातळी सारखी दिसली पाहिजे. मग गोळी बसवा. एकूण लांबी 3.290 इंचांच्या आत आणि मॅगझिनमध्ये सहज बसेल अशी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात पाहुणे असतील त्या दिवशी भरायला बसूच नका.

जूनमध्ये क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) घेऊन रेंजवर. दर मापाची तीन-तीन काडतुसं, खालून वर. बोल्ट उचलायला जड लागला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत शिक्का उमटला, प्रायमर पसरून कडांना भिडला, यातलं एक जरी दिसलं तरी तिथेच थांबा आणि वरच्या मापाची काडतुसं घरी आणून खोला. वेग अचानक पुस्तकापेक्षा जास्त दिसला तर खूश होऊ नका. जास्तीचा वेग जास्तीच्या दाबातूनच येतो. मला 100 यार्डांवर तीन गोळ्या एक-सव्वा इंचात पडल्या की शोध संपला. शेवटच्या 50 फूट वेगासाठी आणि पाव इंचासाठी जुलै-ऑगस्ट घालवणारे मित्र मी पाहिले आहेत. मोसम उजाडतो तेव्हा त्यांच्या वहीत आकडे भरपूर असतात, पण गुडघ्यावर बसून एकही गोळी झाडलेली नसते. चाचणी करताना तीन गोळ्यांनंतर बॅरल थंड होऊ द्या. मॅग्नमची नळी घशापाशी, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढे, लवकर झिजते. काडतुसं उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तापलेली पावडर दाब वाढवते.

माप ठरलं की साठ काडतुसं सरावाला आणि वीस शिकारीला, दोन्ही एकाच बैठकीत भरा. डब्यावर तारीख, पावडर, वजन, गोळी आणि केस कितव्यांदा भरली ते लिहा. मी 100 यार्डांवर अडीच इंच वर लागेल अशी रायफल लावतो. मग 250 च्या आसपास झिरो येतो आणि 300 वर गोळी फक्त तीन इंच खाली जाते. एल्कच्या फुप्फुसांची जागा त्याहून बरीच मोठी असते, म्हणून 300 पर्यंत मधोमध धरायचं, बाकी हिशोब नाही. पण हे कागदावरचं. 300 वर प्रत्यक्ष झाडून भोक बघितल्याशिवाय माझा त्यावर विश्वास बसत नाही. साठातल्या जेमतेम दहा बाकावरून झाडा. बाकीच्या गुडघ्यावरून, सॅकवर टेकवून, काठीच्या आधाराने, जिना दोनदा चढून उतरल्यावर धापा टाकत. ती जागा नऊ हजार फुटांवर असेल आणि तिथे तुमचा श्वास तुमच्या ताब्यात नसेल.

सप्टेंबरात एक काम कधीच टाळू नका. शिकारीची वीसही काडतुसं मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून बाहेर काढून बघा. हे घरात नाही, रेंजवर, नळी निशाणाच्या मातीच्या बांधाकडे आणि बोट चापाबाहेर ठेवून. एका मोसमात पहाटे माझं दुसरं काडतूस अर्ध्यात अडकलं. ती केस खांद्याखाली किंचित फुगलेली राहिली होती. समोरची मादी शांतपणे झाडीत निघून गेली. जखमी जनावर समोर असतं तर त्या अडकलेल्या काडतुसाची किंमत त्याने मोजली असती.

बाकी सामान पटकन सांगतो. 500 चौरस इंच भगवा किंवा गुलाबी फ्लुरोसंट कपडा कमरेच्या वर, आणि त्याच रंगाची टोपी. गाडीत चेंबर रिकामं. दोन सुऱ्या, दोरी, श्वास घेतील अशा कापडी पिशव्या, हेडलॅम्प आणि त्याची जादा बॅटरी. मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे, आणि नर मोठा असेल तर तो 300 किलोच्याही वर जातो. तेव्हा ते उतरवायला कोण येणार हे आधीच ठरवा. परवान्याचा टॅग, आणि नर-मादीची खूण मांसाला जोडलेली ठेवायची आहे, हे विसरू नका. तुमच्या युनिटमध्ये (परवान्यावरच्या शिकारक्षेत्रात) रोगतपासणीसाठी डोकं मागवलं आहे का, तेही बघा.

विमानाने जाणार असाल तर रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन करायची. सुटी पावडर आणि प्रायमर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. घरी भरलेली काडतुसं नेऊ देतात का आणि किती वजनापर्यंत, हे त्या विमान कंपनीकडून लेखी घ्या.

आणि शिकारीची सॅक पुढच्या डिसेंबरात पुण्याला न्यायची नाही. भारतात परवान्याशिवाय काडतूस जवळ बाळगणं शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे, आणि विमानतळाच्या एक्स-रेमध्ये अस्तरात अडकलेलं एक काडतूसही दिसतं. घरच्यांना भेटायला निघालेल्या माणसाची ती रात्र पोलीस चौकीत जाऊ शकते. मोसम संपला की सॅकचे आणि जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून झटका, अस्तरावरून हात फिरवा, आणि वीसातली किती झाडली, किती उरली, हे डब्यावर लिहून ठेवा.