बायको डायलिसिसवर, आपण ड्यूटीवर: या चुका टाळा

आमच्या डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकड्यावर दर दोन-तीन महिन्यांनी एक नवा नवरा येऊन बसतो. मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोन. "मी करतोय मॅनेज," म्हणतो. चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो.

पहिली चूक, सगळी रजा सुरुवातीलाच उडवणं. निदान झालं तेव्हा मी सलग १९ दिवस घरी बसलो. घरात सासूबाई होत्या, बहीण होती. मला चहा गाळण्यापलीकडे काम नव्हतं. मग सगळे आपापल्या गावी गेले आणि माझ्याकडे उरल्या दोन सीएल. आठवड्याला ३ वेळा, प्रत्येकी ४ तास, हे महिनाभरात आटोपणारं दुखणं नाही. रजा घरात माणसं नसतील त्या दिवसांसाठी राखा. सेंटरवर सकाळी सहाची पाळी पहिल्या दिवसापासून मागत राहा. मला ती मिळायला पाच महिने लागले.

दुसरी चूक, सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवणं.

आमचे वार मंगळ, गुरू, शनी. शनिवार ते मंगळवार मोठी गॅप, त्यात रक्तात पोटॅशियम साठत जातं. अशाच एका सोमवारी कंपनीत ऑडिट होतं, फोन सायलेंटवर. घरी चुलतकाका आले. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून दोन शहाळी घेऊन. "पी गं, उष्णता उतरेल." वडीलधाऱ्यांना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि आदल्या दिवशी शेजारणीनं प्रेमानं दिलेला मोसंबीचा रस पोटात गेलेलाच होता. दुपारी तिला पायावर उभं राहता येईना. माझ्या फोनवर १४ मिस्ड कॉल. कुठं न्यायचं, फाइल कुठं आहे, काकांना काही ठाऊक नाही. विम्याचं कार्ड माझ्या पाकिटात. पोटॅशियम ६.९, म्हणजे हृदयाला धोका, ईसीजी बिघडलेला, रात्री तातडीचं डायलिसिस. काकांवर चिडलो होतो खरा, पण त्यांना सांगितलं कुणी होतं?

आता फ्रिजवर लाल स्केचपेननं लिहिलेला कागद आहे: शहाळं, केळं, फळांचे रस नकोत. लो-सोडियम मीठ नको, त्यात पोटॅशियमच असतं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं शीर जोडून घेतलेल्या) हाताला दुसरी सुई नको, बीपीचा पट्टा नको. खाली सेंटरचा नंबर, मग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा, शेवटी माझा. यासाठी अ‍ॅप आहे म्हणे. असेल. काकांना फ्रिज दिसतो.

"आज मीटिंग आहे, एक डायलिसिस चुकलं तर काय होतंय?" रात्री छातीत पाणी भरून धाप लागते, ते होतं. चाराचे तीन तास करा म्हणून सिस्टरच्या मागे लागणारेही बघितलेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

साहेबांपासून लपवू नका. मी सात महिने "घरगुती अडचण" सांगत राहिलो. खरं सांगितल्यावर त्यांनी मंगळवारची मीटिंग नऊची अकराला नेली, दोन मिनिटांत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या तिथल्या माणसाला, आधी गाठा, दागिने गहाण टाकल्यावर नाही.

आणि चारही तास त्या बाकड्यावर बसू नका. आत सिस्टर आहेत. मी तिला सोडतो, गाडीत सीट मागे करतो आणि झोपतो. घोरणं गेटपर्यंत ऐकू येतं, अशी वॉचमननं तिच्याकडे तक्रार केली आहे.