थ्रीजी बंद होण्यापूर्वी ट्रकमधील ट्रॅकर बदलताना : माझा अनुभव

ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या मोबाइल कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी जाळे बंद करण्यास सुरुवात केली. टूजी तिथे आधीच संपलेले असल्यामुळे ट्रकचे ठिकाण मोबाइल जाळ्यावरून कळवणाऱ्या जुन्या ट्रॅकरला आधारासाठी दुसरे जाळेच उरणार नव्हते. मेलबर्नमधील ज्या वाहतूक कंपनीत मी काम करतो, तिथे ट्रकमधील उपकरणांची जबाबदारी माझ्याकडे आहे.

पुरवठादाराच्या यादीत बऱ्याच ट्रॅकरपुढे ‘फोरजी’ असे लिहिलेले होते, परंतु तेवढ्यावर विसंबणे मला पटले नाही. ट्रॅकरला जाळ्याशी जोडणाऱ्या प्रत्येक मोडेमचा मॉडेल क्रमांक घेऊन तो कोणत्या बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) चालतो हे तपासले, कारण शहराबाहेर फोरजीची खरी भिस्त ७०० मेगाहर्ट्झच्या बँड २८ वर असते आणि परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही मोडेममध्ये नेमका तोच नसतो. असे उपकरण मेलबर्नच्या आवारात उत्तम चालते आणि आडरानात मुके होते. अँटेनाही तपासावा लागला, कारण ८५० मेगाहर्ट्झच्या थ्रीजीसाठी बसवलेला जुना अँटेना ७०० वर कमी पडू शकतो.

मदतीसाठी कॉल लावणाऱ्या चालकाच्या संकट-बटणाचा प्रश्न अधिक गंभीर होता : डेटा फोरजीवरून जात असला, तरी व्हीओएलटीई (फोरजीवरूनच कॉल लावण्याची सोय) नसलेले उपकरण कॉल थ्रीजीवरूनच लावते. म्हणून लांब पल्ल्याचे ट्रक आधी घेतले आणि नियमित सर्व्हिसिंगच्या वेळीच बदल केला, म्हणजे गाड्या वेगळ्या थांबवाव्या लागल्या नाहीत.