महागडा हेडफोन ॲम्प आणि दोनशे तासांचं ‘बर्न-इन’: या चुका टाळा

हेडफोन ॲम्प चार हजारांचा असो की चार लाखांचा, त्याचं काम एकच: हेडफोनला लागतील तेवढे व्होल्ट आणि लागेल तेवढा करंट द्यायचा, आणि त्यात स्वतःचं काही मिसळायचं नाही. हे काम कानाला खोट काढता येणार नाही इतकं चोख करणारे ॲम्प आज दहा-पंधरा हजारांत मिळतात. पुष्कळ हेडफोनांना तर तेही लागत नाहीत. तरी लोक लाखभर रुपये घालतात, आणि फरक ऐकू आला नाही की उत्तर ठरलेलं असतं: ‘अजून बर्न-इन झालं नाहीये, दोनशे तास वाजू दे.’ बर्न-इन म्हणजे नवं यंत्र बरेच तास वाजवलं की त्याचा आवाज ‘खुलतो’ ही समजूत.

चूक पहिली: वॅट बघून ॲम्प घेणं

खोक्यावर ‘२ वॅट’ छापलेलं असतं आणि माणूस भुलतो. पण १ वॅटचे २ वॅट झाले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. आणि ते २ वॅट कोणत्या ओहमला, म्हणजे विजेला किती अडथळा करणाऱ्या हेडफोनला, हे बारीक अक्षरात असतं. ३२ ओहमला २ वॅट देणारा ॲम्प ३०० ओहमला कदाचित त्याच्या जेमतेम दहावा हिस्साच देईल.

हिशेब उलट्या बाजूने, हेडफोनपासून सुरू करा. दोन आकडे लागतात: इम्पिडन्स (ओहममध्ये मोजलेला तोच अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या विजेत हेडफोन किती मोठा वाजतो). सेन्सिटिव्हिटी दोन प्रकारे छापतात, कधी १ मिलिवॅटला किती डेसिबल, तर कधी १ व्होल्टला किती. या दोन्हींची गल्लत केली की पुढचं सगळं चुकतं. ३२ ओहमच्या हेडफोनला या दोन आकड्यांत १५ डेसिबलचं अंतर असतं, ३०० ओहमच्या हेडफोनला साधारण ५.

गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणाला ११० डेसिबल मिळाले की झालं, असं धरा. हा क्षणभराचा कळस आहे, सरासरी नव्हे. सरासरी त्याच्या १५-२० डेसिबल खाली असते. (सरासरीच ८५ डेसिबल असेल, तर रोज आठ तासांच्या पुढे ऐकणं कानाला धोक्याचं मानतात. पुढच्या दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.) आता तीन हेडफोन घेऊ.

ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स: ३८ ओहम, १ मिलिवॅटला ९९ डेसिबल. ११० साठी लागतात साधारण १३ मिलिवॅट, म्हणजे ०.७ व्होल्ट आणि १८ मिलिॲम्पिअर. १ व्होल्ट देणारा साधा यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन लावायची छोटी जोडणी) पुरून उरतो.

सेनहायझर एचडी ६५०: ३०० ओहम, १ व्होल्टला १०३ डेसिबल. ७ डेसिबल आणखी हवेत म्हणजे सव्वादोन व्होल्ट. करंट मात्र जेमतेम साडेसात मिलिॲम्पिअर, आणि ताकद १७ मिलिवॅट. ‘या हेडफोनला मोठा ॲम्प लागतो’ असं बाजारात सर्रास ऐकू येतं. खरं तर त्याला वॅट नव्हे, व्होल्ट लागतात. २ व्होल्टचा बरा डोंगल ११० च्या जवळपास नेऊन सोडतो.

हायफायमॅन एचई-६: ५० ओहम, १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. इथे चित्र पालटतं. ११० साठी जवळपास ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिॲम्पिअर लागतात. डोंगल इथे हात टेकतो. या हेडफोनला खरा ॲम्प हवा, पण तोही मध्यम किमतीचा चालतो.

चौथा प्रकार वेगळाच: इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे पडद्यावर विद्युत्-भार ठेवून चालणारा. स्टॅक्स कंपनीच्या आजच्या हेडफोनांना त्यासाठी ५८० व्होल्टचा कायमचा दाब (बायस) लागतो आणि तो साध्या ॲम्पमधून मिळतच नाही. तिथे खास ॲम्पवर खर्च करण्यावाचून इलाज नाही.

चूक दुसरी: आउटपुट इम्पिडन्स न विचारणं

दोन ॲम्प खरोखर वेगळे वाजत असतील, तर पहिला संशय यावर घ्या. ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतला अडथळा, हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम. ३२ ओहमसाठी ४ ओहमच्या आत.

कारण हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६५० चा नावाला ३०० ओहम, पण खर्जात १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. १२० ओहम आउटपुट इम्पिडन्सच्या ट्यूब ॲम्पला (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) तो जोडला तर ३०० ओहमच्या पट्ट्यात २.९ डेसिबल घट होते, खर्जात १.९. म्हणजे खर्ज बाकीच्यापेक्षा एक डेसिबल वर. ट्यूबच्या ज्या ‘उबदार’ आवाजाचं कौतुक होतं, त्यातला मोठा भाग हा एवढाच असतो, आणि तो मोफतच्या इक्वलायझरनेही मिळतो. आवडला तर खुशाल ठेवा, पण ती ॲम्पची शुद्धता नव्हे.

बॅलन्स्ड आर्मेचरच्या (आत चिमुकली धातूची पट्टी हलवून वाजणाऱ्या) इअरफोनांत हाच प्रकार विकोपाला जातो. एखाद्याचा इम्पिडन्स एका जागी ५ आणि दुसऱ्या जागी ४० ओहम असेल, तर १० ओहमच्या ॲम्पवर त्या दोन जागांत साडेसात डेसिबलचा फरक पडतो. इअरफोन बिघडल्यासारखाच वाजतो. प्लेनर हेडफोनांचा (सपाट पडद्यावरच तार पसरलेल्या) इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यांना ही काळजी नाही.

चूक तिसरी: बर्न-इनची वाट पाहणं

नवी मोटारसायकल पहिले काही शे किलोमीटर जपून चालवतात, कारण पिस्टनच्या रिंगा घासून बसायच्या असतात. ॲम्पमध्ये घासून बसेल असं काय आहे? व्हॉल्यूमचा नॉब, आणि तो घासला की बिघडतो.

बर्न-इन हा शब्द कारखान्यातला आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जे सुटे भाग खराब निघायचे असतात, ते बहुधा सुरुवातीच्या काळातच जातात. म्हणून काही कारखाने माल तापवून, चालू ठेवून पाहतात आणि मेलेले नग वेगळे काढतात. आवाज सुधारण्याशी त्याचा संबंध नाही.

मग ॲम्पमध्ये काहीच बदलत नाही का? बदलतं, पण तासांत नाही, मिनिटांत. ट्रान्झिस्टर तापून स्थिर होतात. क्लास-ए ॲम्पला (सतत मोठा करंट ओढणाऱ्या, म्हणून तापणाऱ्या) त्यासाठी वीस-तीस मिनिटं लागू शकतात. ट्यूबची फिलामेंट मिनिटभरात लाल होते, पुढे पंधरा-वीस मिनिटांत ती ठिकाणावर येते. वर्षभर कपाटात पडलेल्या ॲम्पचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुरुवातीला जास्त गळती दाखवतात आणि थोड्या वेळात सावरतात. हे सगळं ‘वॉर्म-अप’. ते रोज घडतं आणि बंद केलं की पुसलं जातं. कपॅसिटरमधला कायमचा बदल वर्षानुवर्षांचा असतो आणि तो वाईटाकडेच जातो. ॲम्प हवेशीर जागी ठेवा: तापमान १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

हेडफोनचं थोडं वेगळं. त्यात हलणारा पडदा आहे, म्हणून किंचित बदल शक्य आहे. पण हेडफोन डोक्यावरून काढून पुन्हा घातला की मोजमापात त्याहून मोठा फरक दिसतो. खरा बदल होतो कानाच्या गाद्यांत. फोम दबतो, गादी चेहऱ्याला बसते, खर्ज आणि वरचे सूर दोन्ही हलतात. आणि त्याहून जास्त बदलतो कान. नवी कोल्हापुरी चावेनाशी होते, तेव्हा चप्पल किती सैल झाली आणि पाय किती सरावला, कोण सांगणार?

यात पैशाचं नुकसान कसं होतं ते पाहा. दोनशे तास, रोज तीन तास ऐकलं, तर होतात सदुसष्ट दिवस. ऑनलाइन खरेदीत परत करायची मुदत असते बहुधा सात ते दहा दिवसांची. बर्न-इनचा सल्ला नीट पाळला की नावडता ॲम्प परत करायची मुदत आपोआप निघून जाते. तेव्हा अर्धा तास गरम होऊ द्या आणि त्याच आठवड्यात निकाल लावा. रात्रभर मोठ्याने पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला खळखळाट) लावून ठेवण्याने हेडफोनला उगाच ताण पडतो, बाकी काही हाती लागत नाही.

चूक चौथी: आवाज न जुळवता तुलना करणं

अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ॲम्प ‘मोठा’ वाटत नाही, ‘जास्त मोकळा’ वाटतो. खरेदीतल्या फसगतीचं सर्वांत मोठं मूळ हेच. बॅलन्स्ड आउटपुटला (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी जोडणी) बहुतेक ॲम्प दुप्पट व्होल्ट देतात, म्हणजे सरळ ६ डेसिबल जास्त. मग बॅलन्स्डची ४.४ मिलिमीटरची पिन ‘जिवंत’ वाटली तर नवल काय?

जुळवायचं असं: १०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा. साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकीचं दाखवू शकतात, म्हणून १००. ५० नको, कारण घरच्या विजेची गुणगुण तिथेच असते. हेडफोन स्प्लिटरने जोडलेलाच ठेवा आणि मीटर एसी व्होल्टवर. पहिल्या ॲम्पला ०.५०० व्होल्ट असतील, तर दुसऱ्याला ०.४९४ ते ०.५०६ च्या आत आणा. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. मग घरातल्या कुणालातरी नाणं उडवून, तुमच्या पाठीमागे ॲम्प बदलायला सांगा. १६ वेळा करा. १२ किंवा जास्त वेळा अचूक ओळखलंत, तर फरक खरा धरायला हरकत नाही. १० वेळा ओळखणं हा नशिबाचाही खेळ असू शकतो.

ही चाचणी नवी नाही. १९८५ मध्ये ॲम्प बनवणाऱ्या अमेरिकन बॉब कार्व्हरने आपल्या स्वस्त स्पीकर ॲम्पमध्ये फेरफार करून तो ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या अतिमहाग ट्यूब ॲम्पशी इतका जुळवला की त्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. २०११ साली ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाच्या अभियंत्याने ओटू (O2) नावाच्या हेडफोन ॲम्पचा आराखडाच सर्वांसाठी खुला केला आणि स्वस्त सुट्या भागांतही स्वच्छ ॲम्प होतो हे मोजून दाखवलं.

मग महाग ॲम्पमध्ये मिळतं काय? जड डबी, नॉबचा गुळगुळीत फिरणारा स्पर्श, जास्त जोडण्या, रिमोट, कधी कमी सळसळ, दुरुस्तीची सोय. यासाठी पैसे मोजणं चूक नाही. आवाजासाठी मोजत असाल तर मात्र तेच पैसे हेडफोनवर घाला. दोन हेडफोनांतला फरक अनेक डेसिबलचा असतो.

बिघाड वाटतो तेव्हा

*गाणं थांबलं तरी सळसळ:* इअरफोन फार संवेदनशील आहे किंवा गेन (ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) जास्त आहे. गेन ‘लो’वर घ्या, फोनचा डिजिटल आवाज वर ठेवा आणि ॲम्पचा नॉब खाली.

*कमी आवाजाला एक कान मंद:* नॉबमधल्या दोन पट्ट्या सुरुवातीच्या भागात सारख्या नसतात. लो गेन घ्या, किंवा डिजिटल आवाज १०-२० डेसिबल उतरवा आणि नॉब मध्याकडे आणा.

*नॉब फिरवताना खरखर:* बहुधा धूळ. वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, मग नॉब वीस-तीसदा पूर्ण फिरवा. गंज सोडवायचं साधं तेल मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. एवढं करूनही खरखर राहिली तर ॲम्पमधून डीसी (एकाच दिशेची वीज) बाहेर गळतोय का ते तपासा, रीत शेवटी दिली आहे.

*गुणगुण:* आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो करंट) आहे, आणि त्यावर यूएसबी आयसोलेटर किंवा सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर जोडणं हा उपाय. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन कापण्याचा ‘उपाय’ कुणी सांगितला तर ऐकू नका. चार्जर काढूनही चालूच राहिली आणि सूर १०० हर्ट्झचा, म्हणजे थोडा चढा असेल, तर ॲम्पच्या सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता जास्त.

*बॅलन्स्ड आउटपुटमधून साध्या पिनेवर:* असा ॲडॅप्टर वापरू नका. त्यात डावी-उजवी ऋण टोकं एकमेकांना जोडली जातात आणि ॲम्प शॉर्ट होतो. उलट दिशेचा, म्हणजे बॅलन्स्ड वायरचा हेडफोन साध्या आउटपुटला, चालतो.

*अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला ॲम्प:* ॲडॅप्टरवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर जळतो. नवा ॲडॅप्टर घेताना नुसते व्होल्ट पाहू नका, आउटपुट एसी आहे की डीसी तेही पाहा. ओटूसारखे ॲम्प एसी ॲडॅप्टरमधूनच धन आणि ऋण असे दोन्ही सप्लाय तयार करतात. त्यांना डीसी दिला तर एकच बाजू मिळते.

जुना ॲम्प विकत घेत असाल तर हेडफोन लावण्याआधी मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, नॉब शून्यावर आणि मग अर्ध्यावर. पिनेचं टोक आणि बूड, मग मधली कडी आणि बूड, असं दोन्ही कानांसाठी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. ५० च्या वर गेला तर त्यात चांगला हेडफोन खुपसू नका.